ब्रेकमध्ये जीव नाही

९ जानेवारी, गुरुवार. सातारा.

काल जयराजनी पाचगणीच्या अलीकडे एका बाईची स्ट्रॉबेरीची टपरी उडवली आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. माझ्यासारख्या बाईला, जिला दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तरी तासभर बोलायला पुरतं, तिला काहीतरी वाटायला हवं होतं.

बाई वाचली. लीलाबाई म्हणून होती. गाडी थांबत नाही हे तिला आमच्याआधी कळलं आणि तिने सरळ गटारात उडी घेतली. टेबल, छत्री, खोकी, सगळं आमच्या बॉनेटखाली. काचेवर लाल रस. मी सीटवर बसून वायपर कसा लावतात याचा विचार करत होते.

लीलाबाई गटारातून वर आली ती बोलतच. "आवं सायेब, डोळं हायती का बटणं?"

जयराज म्हणाले, "ब्रेक लागला नाही."

"लागत न्हाई तर बैलगाडी घ्या की! हो म्हटलं की थांबती तरी."

मी उतरून माफी मागितली, नुकसान भरून दिलं. ती म्हणाली, "तुमी कशाला बाई? त्यास्नी म्हणू द्या की." जयराज बॉनेटकडे बघत उभे होते. माझा नवरा, तीस वर्षं रणगाडे चालवलेला माणूस. माफी मागायचं शिक्षण त्या खात्यात देत नसावेत.

येताना घाटातून गाडी त्यांनी इतकी सावकाश उतरवली की मागे एसटीची रांग लागली.

११ जानेवारी, शनिवार

ज्याच्याकडून ही गाडी घेतली त्या यशराजला फोन केला. कराडकडचा आहे, वडील कारखान्याचे संचालक. दोन दारांची, जर्मन, दहा वर्षं जुनी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती का घ्यावी हे मी विचारलं होतं. उत्तर आलं होतं, "आयुष्यभर सरकारने दिलेलं चालवलं."

यशराज म्हणाला, "मावशी, माझ्याकडं हुती तवा ब्रेक एक नंबर हुता."

"मी तुमची मावशी नाही. गाडी विकताना ब्रेक दाखवला होता का?"

"काका स्वतः चालवून बघितलेत की हो! पाच मिनिटं चालवली आणि म्हणाले, पसंत."

"म्हणजे तुम्हाला ब्रेकचं माहीत होतं."

"काय माहीत हुतं?"

हे त्याने इतक्या खऱ्या सुरात विचारलं की मी फोन ठेवला. जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षं अनुवादक होते. अपघाताच्या दाव्यांत प्रत्येक ड्रायव्हर एकच वाक्य सांगतो: ब्रेक दाबला, पण लागला नाही. त्याचं इंग्रजी मी झोपेतही करीन. पुढे तपासणीचा कागद यायचा, आणि बहुतेक वेळा ब्रेक शाबूत निघायचा. पण जयराज ट्रकड्रायव्हर नाहीत, आणि खोटं बोलायची त्यांची बुद्धी नाही. यशराजची आहे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. तिळगूळ खाल्ला. गोड होता असं सगळे म्हणाले.

साळूबाई, जी आमच्याकडे स्वयंपाकाला येते, सकाळी ओरडत आली. "बाईसाहेब, सायबांची एक चप्पल तुळशीपाशी आन् दुसरी गेटपाशी. कुत्र्यानं न्हेली म्हणावं तर कुत्रं न्हाई आपल्यात."

मी जयराजना विचारलं. म्हणाले, "पडली असेल."

"पायातून पडली आणि कळलं नाही?"

"शतपावली घालताना मी चपलेचा विचार करत नाही, संयोगिता."

संध्याकाळी गच्चीवर त्यांच्यासाठी शेगडी पेटवली होती. उठल्यावर बघितलं तर उजव्या घोट्याखाली लिंबाएवढा फोड. भाजलं तेव्हा हूं की चूं नाही. मी म्हटलं, लष्करातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आता ओरडायला हरकत नाही. हसले आणि मोजा वर ओढला. पुरुषांचा हा बाणा मला कधी सहन झाला नाही. मलम लावू का विचारलं, तर म्हणाले, डबी इथे ठेव.

२१ जानेवारी, मंगळवार. सांगली.

इथे असल्या गाड्यांचं काम करणारा एकच माणूस आहे, झिशान. माधवनगरला, एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये. पूर्वी जिथे माग चालायचे तिथे आता श्रीमंतांच्या मुलांच्या गाड्या चाकं काढून उभ्या असतात. एक टोक त्याने एका लेथवाल्याला भाड्याने दिलं आहे. झिशान चाळिशीचा, बोलायला पट्टीचा, विकायला त्याहून. गाडी त्याने साताऱ्याहून ट्रकवर चढवून आणली. आम्ही मागून आमच्या साध्या गाडीने. ती मी चालवली. जयराज म्हणाले, पाठ धरली आहे.

झिशानने रस्त्यावर एक फेरी मारली आणि आला.

"ब्रेक बरा हाय, सायेब."

"बरा?" मी म्हटलं. "टपरी उडाली."

"बरा म्हंजे, चांगला हाय असं कुटं म्हणतोय मी, मॅडम?" तो लगेच सावरला. "पॅड चकचकीत झाल्यात. डिस्क झिजून कडंला वठ आलाय. बदलायलाच पायजे. आता बदलायचाच तर साधा कशाला? सिरॅमिक बसवू. लय भारी. घाटात शंभर बार दाबा, गरम हुन ढिला पडनार न्हाई."

जयराजनी विचारलं, "पहिल्यांदा दाबल्यावर?"

"काय, सायेब?"

"गार असताना. पहिल्यांदाच दाबला तर अंगाला झटका बसतो का?"

"गार असताना जरा लाकडावानी लागतोय. गरम झाला की मग बगा."

"मग नको," जयराज म्हणाले, आणि त्या विषयातला रस एकदम गेला.

मग चाकं. मोठी डिस्क घेतली की मोठं चाक लागतं. मोठं चाक घेतलं की टायर पातळ, दोन बोटं रबर. आणि आमच्याकडे ऊस चालू झाला की दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याची चाळण करतात. पातळ टायर पहिल्याच खड्ड्यात फुटतो, चाक वाकतं. जाड टायर घ्यायचा तर चाक लहान हवं, आणि लहान चाकात मोठी डिस्क बसत नाही.

"म्हणजे थांबायची सोय केली की चालायची जाते," मी म्हटलं.

"मॅडम, तुमी एकदम मुद्द्यावर येता."

"त्याचाच पगार मिळायचा मला."

२७ जानेवारी, सोमवार

काल झेंडावंदनाला जयराज गेले नाहीत. बूट बसत नाहीत म्हणे. दर वर्षी त्याच बुटांना आठवडाभर पॉलिश करतात. मी विचारलं, पाय सुजलाय का. म्हणाले, नाही, बुटाला झालंय काहीतरी. या घरात हल्ली सगळ्या वस्तूंनाच काहीतरी होतं.

जेवणाच्या टेबलावर चाकांची चित्रं पसरलेली आहेत. झिशान रोज फोनवर नवीन पाठवतो. ओतीव चाक स्वस्त, पण खड्ड्यात तडकतं. घडवलेलं चाक महाग, ते वाकतं पण तडकत नाही. मी घडवलेल्याच्या बाजूची आहे, अठरा इंची, जाड टायर. जयराज एकोणीस इंचीच्या बाजूचे, कारण त्याशिवाय सहा पिस्टनचा ब्रेक बसत नाही. जवानांना हल्ल्याची योजना समजवावी तशी त्यांनी मला हे समजावलं. मग झिशानला फोन करून विचित्र प्रश्न विचारत बसले. पेडल जमिनीपासून वर उचलून घेता येईल का? पेडलवर खडबडीत रबर बसवता येईल का? सीटचा पट्टा जास्त घट्ट ठेवता येतो का?

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "शर्यतीत उतरणार आहात?"

"ब्रेकमध्ये जीव हवा," ते म्हणाले. "दाबला की कळलं पाहिजे. त्या ब्रेकमध्ये जीव नाही."

मी झिशानला परत फोन लावला आणि चांगलं झापलं, की सायबांना जे हवं ते सरळ द्या, बरा आणि चांगला असले शब्दखेळ माझ्याशी नकोत. त्याचं काही चुकलं नव्हतं. झापून झाल्यावर नेहमी थोडं हलकं वाटतं. या वेळी तेही नाही. रागसुद्धा आता मी सवयीनेच धरते.

शेवटी ठरलं: स्टीलचा, सहा पिस्टनचा, जास्तीत जास्त चावणारे पॅड, एकोणीस इंची घडवलेली चाकं. मी हरले. वाद घालायची ताकद होती, इच्छा नव्हती.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सांगली.

नीट क्रमाने लिहिते.

गाडी तयार होती. जयराज चाचणीला निघाले, झिशान शेजारी बसला. मी शेडच्या दारात खुर्चीवर. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी फाटकातून आत आली. हवी होती त्यापेक्षा जोरात. झिशान आतून ओरडत होता, "सायेब, ब्रेक! ब्रेक!" गाडी माझ्यापासून चार हातांवरून गेली आणि जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. टायर घरंगळत सगळीकडे पांगले. कुणाला लागलं नाही.

जयराज उतरले आणि बोलायलाच लागले. पॅड अजून मुरलेले नाहीत, पेडल खालीच आहे, सांगितलं तेवढं उचललेलं नाही. बोलत बोलत ते शेडमध्ये लेथच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

झिशान म्हणाला, "सायेब, बूट?"

उजव्या पायात बूट नव्हता. तो गाडीत, पेडलखाली अडकून बसला होता. जयराजनी मान खाली घालून पायाकडे बघितलं. बूट आहे की नाही हे त्यांना बघून कळलं. आणि लेथपासून आमच्यापर्यंत जमिनीवर ओले डाग होते, एकाआड एक, फक्त उजव्या पायाचे.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर पालथ्या डब्यावर बसले. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी सासूबाईंना सांगितलं होतं की मी नवऱ्याच्या पाया पडणार नाही, कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी मला गुडघे टेकायला शिकवलं ते फक्त चर्चमध्ये. त्यावर घरात महिनाभर अबोला होता. मी जिंकले. आज पहिल्यांदा त्यांचा पाय मांडीवर घेतला. मोजा काढला. घोट्याखालचा संक्रांतीचा फोड तसाच, काळा पडलेला, मधे ओला. तळव्यात लेथवर कातलेल्या लोखंडाची साल घुसलेली, स्प्रिंगसारखी पिळलेली, बोटाएवढी.

जयराज माझ्या डोक्यावरून झिशानशी बोलत होते. "पुढच्या चाकाला जास्त चावायला हवा, मागच्याला कमी, म्हणजे नाक खाली जातं आणि..."

मी साल धरून ओढली. पिळलेली असल्यामुळे एकदम निघाली नाही, फिरवून काढावी लागली.

"...आणि माणसाला समजतं की गाडी थांबतेय," ते म्हणाले.

वाक्य कुठेही तुटलं नाही.

झिशानने माझ्या हातातल्या लोखंडाच्या सालीकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. तो दुसरीकडे वळून टायर गोळा करायला लागला.

५ फेब्रुवारी, बुधवार. सांगली.

लॉजवर राहिलो आहोत. सकाळी चहा आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"पहिल्यांदा मोजा घातल्यासारखं वाटायचं. घातलेला नसताना. मग वाळूवरून चालल्यासारखं. मग तेही बंद झालं."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"ते रक्तातली साखर बघतात. पाय कुणी बघत नाही."

"गाडी घ्यायच्या आधीपासून?"

"हो."

"आणि घाटात चालवलीत."

"रस्त्याकडे आणि पायाकडे आळीपाळीने बघत चालवता येते. त्या दिवशी मी पायाकडे बघत होतो."

मी म्हटलं, "तिथे लीलाबाईऐवजी शाळेतून येणारं पोर असतं तर? त्याने उडी मारली नसती."

"माहीत आहे."

"मग?"

"म्हणून तर ब्रेक बघतोय, संयोगिता." शांतपणे, एखाद्याला साधी गोष्ट दोनदा सांगावी लागते तसं. "ब्रेक जोरात चावला की पट्टा छातीला टोचतो. छातीला कळतं. पायाने नाही सांगितलं तर छाती सांगेल. एवढाच हिशोब होता."

आठवडाभर आम्ही टेबलावर चाकं मांडून भांडलो. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला अर्थ होता. मी फक्त शर्यतीवरून टोमणा मारला.

मला आता संताप यायला हवा. मी वाट बघितली. चहावर साय धरली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. मिरज.

डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. जखम धुतली, पट्टी केली. आणखी आठ दिवस गेले असते तर पाय जाण्याची वेळ आली असती असं म्हणाले. मग जयराजना आडवं करून डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवत गेले.

"लागलं की हो म्हणा."

अंगठा. काही नाही. करंगळी. काही नाही. चवडा, टाच. काही नाही.

मग डॉक्टर कागदावर काही लिहायला वळले. धागा हातात, पायापासून लांब.

जयराज म्हणाले, "हो."

डॉक्टर थांबले.

"हो," जयराज पुन्हा म्हणाले. डोळे घट्ट मिटलेले. "आत्ता लागलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगू नका अशी. त्यांनी तरी सांगितलं, पण चांगल्या शब्दांत. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. अनवाणी चालायचं नाही, रोज पाय बघायचा, दुसऱ्या कुणीतरी. आणि गाडी बंद.

"कायमची?" जयराजनी विचारलं.

"कायमची."

"बरोबर आहे," जयराज म्हणाले, आणि बूट घालायला वाकले. नाडी मी बांधली.

१० फेब्रुवारी, सोमवार. सांगली.

झिशानकडे गेले, एकटी. गाडी विकायची तर गिऱ्हाईक आहे म्हणाला. लगेच विकली तर त्याचाही फायदा, हे त्याने लपवलं नाही.

मी विचारलं, "आत बसू का?"

सीट पुढे ओढावी लागली. पेडलवर पाय ठेवला. कडक, सरळ, दाबू तेवढंच खाली जाणारं. बाहेर रस्त्यावर नेली. पहिल्याच दाबाला पट्ट्याने मला इतक्या जोरात धरलं की श्वास अडकला.

परत येऊन म्हटलं, "हे पॅड काढा. साधे घाला. आणि चाकं अठरा इंची, जाड टायर."

"मॅडम, सायबांनी तर..."

"सायेब डावीकडे बसणार आहेत."

"अठरात ह्यो ब्रेक बसत न्हाई हो."

"मग जुना घाला. तुम्हीच म्हणाला होता, बरा आहे."

त्याने कपाळाला हात लावला. "येवढं बसवून आता काढायचं? लोक हसत्याल मला."

"मला हसतील. सत्तरीच्या घरातली बाई."

त्याने जॅक ओढला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सातारा.

गाडी घेऊन आलो. मी चालवली. जयराजना किल्ली मागावी लागली नाही. शेडच्या दारात त्यांनीच माझ्या हातात दिली आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेले. त्या बाजूचं दार कसं उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं, कडी शोधत राहिले. मी आतून उघडलं.

कासेगाव मागे पडलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, हात मांडीवर, तपासणीला बसलेल्या माणसासारखे. एकदा म्हणाले, "उजवीकडचा आरसा." मी म्हटलं, "दिसतोय." एकदा म्हणाले, "हा इंडिकेटर न देता वळणार," आणि तो इंडिकेटर न देता वळला.

कराडच्या अलीकडे एक ट्रॅक्टर कडेच्या रस्त्यावरून सरळ पुढ्यात आला. दोन ट्रॉल्या, उसाने भरलेल्या, गाण्याचा आवाज इतका की त्याला जगात दुसरं कुणी असल्याची कल्पना नसावी. मी दाबला. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी थांबली. ऊस काचेपासून इतका जवळ की कांडीवरचे डोळे मोजता आले असते. दोन कांड्या घसरून बॉनेटवर पडल्या.

ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं. "आवं मावशी, बगून चालवा की!" आणि गेला.

मी शेजारी बघितलं. जयराजचा उजवा पाय समोर ताठ, चटईत रुतलेला. दोन्ही हातांनी मांडी वरून खाली दाबून धरली होती.

"तू दाबलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मीपण."

"कळलं मला," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरचे हात लगेच काढले नाहीत. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. मी बॉनेटवरचा ऊस तसाच ठेवून गाडी पुढे काढली.